गाडीवाट

दिवाळी अंकात या सदराला नेहमीपेक्षा दोन-तीन पाने जास्त मिळतात. त्या सवलतीचा फायदा घेऊन वर्षभर बाजूला ठेवलेला एक प्रश्न आज हातावेगळा करावा म्हणतो. ज्यांच्या दारात चारही चाकांना जोर मिळणारी गाडी उभी आहे अशा वाचकांची पत्रे मला अलीकडे बरीच येतात. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: गाडी घेतली, हप्ते चालू आहेत, पण तो दुसरा दांडा अजून एकदाही हलवलेला नाही, तरी आमच्या गावाहून सकाळी निघून दिवेलागणीला परत येता येईल अशी एखादी कच्ची, थोडी अवघड, पण चांगली वाट सुचवावी. कऱ्हाडच्या एका गृहस्थांनी तर दहा वाटांची यादीच मागितली आहे आणि खाली 'वाटेत जेवणाची सोय असल्यास उत्तम' अशी पुस्तीही जोडली आहे.

यादी मी देणार नाही. यात शिष्टपणा नाही. नाव छापून आले की वाटेचे काय होते ते पाहायचे असेल तर लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने राजमाचीकडे जाणारी वाट पाहावी. पंधरा-सोळा किलोमीटरची ही वाट एकेकाळी जीपवाल्यांनी एकमेकांच्या कानात सांगायची. आता पावसाळ्याच्या तोंडावर, काजव्यांच्या दिवसांत, शनिवारी रात्री तिथे गाडीमागे गाडी लागते आणि दिव्यांच्या झोतात काजवा काही दिसत नाही. तेव्हा वाटांची नावे नकोत. वाट शोधावी कशी, एवढे मात्र मी सांगू शकतो. आणि शोधण्यातच निम्मी मौज आहे, हे ज्याने एकदा केले आहे त्याला पटेल.

आधी आपल्या भाषेकडे वळू. इंग्रजीत या वाटांना काय म्हणतात ते सोडून द्या. आपल्याकडे त्यांना जुना, नेमका शब्द आहे: गाडीवाट. पायवाट ती माणसाची, गाडीवाट बैलगाडीची, आणि दोन शेतांच्या बांधांमधून, निवडुंगाच्या कुंपणांतून जाते ती पाणंद. या वाटेवर वर्षानुवर्षे चाके फिरून ज्या दोन खोबणी पडतात, ती चाकोरी. साहित्यिक मंडळींनी या शब्दाला फार बदनाम केले आहे. जो तो चाकोरीबाहेर जायला निघालेला! गाडीवाटेवर मात्र चाकोरी सोडणारा मनुष्य शहाणा समजला जात नाही. चाकोरीखाली जमीन दाबून घट्ट झालेली असते. बाहेर काय आहे ते कुणालाच ठाऊक नसते. एक बारकावा तेवढा लक्षात ठेवावा. जुन्या विलिस जीपच्या डाव्या-उजव्या चाकांत सुमारे चार फुटांचे अंतर असे, आजच्या गाड्यांत ते पाच फुटांच्या आसपास आहे. त्यामुळे जुन्या चाकोरीत नव्या गाडीचे एकच चाक बसते, दुसरे काठावरून चालते. दरीच्या बाजूचे चाक कोणते, हे आधी ठरवून मग पुढे जावे.

आता नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे नकाशे, ज्यांना गिर्यारोहक मंडळी 'टोपोशीट' म्हणतात, ते पूर्वी मिळवायचे म्हणजे अर्जविनंत्या कराव्या लागत. २००५ साली सर्वसामान्य नागरिकांसाठी वेगळी नकाशामालिका काढण्याचे धोरण ठरले, आणि २०१७ पासून ते नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. तरी किती जीपवाल्यांनी ते पाहिले आहेत? जुन्या मालिकेत पुणे शहराचे पान ४७ एफ/१४, आणि तोरण्याखालच्या वेल्ह्याचे ४७ एफ/११. पंधरा कलांचा एक चौकोन म्हणजे एक पान. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यात गाडीवाट वेगळी, लादलेल्या जनावरांची वाट वेगळी आणि पायवाट वेगळी दाखवलेली असते; पानाच्या तळाशी खुणांचा तक्ता असतो, तो अगोदर वाचावा. मोबाइलवरच्या नकाशात हा भेद नसतो. त्याला वाट म्हणजे वाट. त्याच्यावर विसंबून शेळ्यांच्या वाटेवर गाडी घातलेले लोक मी पाहिले आहेत.

याच पानावर समोच्च रेषा असतात, वीस-वीस मीटरांनी. वाटेने एका सेंटिमीटरात अशा पाच रेषा ओलांडल्या, तर अर्ध्या किलोमीटरात शंभर मीटर चढ झाला; पाचास एक. लादलेली बैलगाडी असा चढ सरळ चढत नाही. तेव्हा नकाशात वाट रेषांना अशी आडवी कापत गेलेली दिसली तर ती गाडीवाट कधीच नव्हती, असे समजायला हरकत नाही. रेषांच्या कडेकडेने, वळसे घेत, खिंडीतून पलीकडे उतरणारी वाट दिसली, की पेन्सिलीने तिच्यावर खूण करावी. मग उपग्रहाच्या चित्रात तीच जागा उघडावी आणि चित्र कोणत्या महिन्याचे आहे ते पाहावे. श्रावणातल्या चित्रात सगळे हिरवेगार आणि निरुपयोगी. फाल्गुन-चैत्रातल्या चित्रात गवत वाळलेले असते, आणि चालती वाट पांढऱ्या दोऱ्यासारखी उठून दिसते. मोडलेली वाट दिसत नाही. इतका सोपा हिशेब आहे.

यापुढची पायरी माझ्या विशेष आवडीची, कारण तिला पेट्रोल लागत नाही. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये सह्याद्रीतल्या घाटांची लांबलचक माहिती आहे: कोणत्या घाटातून लादलेले बैल उतरतात, कोणता फक्त पायी माणसाचा. दुपारभर ती पाने वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. आपले बहुतेक घाट चाकासाठी नव्हतेच. नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वाहता. माथ्यावर नागनिकेचा लेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. पण तिथून गेले ते बैल, गाढवे आणि माणसे. बोरघाटात चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता उघडला तो १८३० साली. म्हणून कोकणात उतरणारी एखादी गुप्त जीपवाट आपल्याला सापडेल, या आशेने घाटमाथ्याच्या कड्यावर जाऊन उभे राहणाऱ्यांना मी परत फिरायला सांगतो. चाकाची वाट सापडते ती कड्याच्या अलीकडे, मावळांच्या खोऱ्यांत, पठारांवर, आणि देशावरच्या डोंगरांच्या सोंडांवर.

आणि सापडते ती कशामुळे? माझ्या मते सगळ्या शोधाची किल्ली या एका प्रश्नात आहे: ही वाट कुणी, कशासाठी काढली? वाट हौसेने कुणी काढत नाही. कुठे धरणाच्या भिंतीचे दगड वाहायचे होते, कुठे कालव्याच्या काठाने पाटकऱ्याला फिरायचे होते, कुठे विजेचे मनोरे उभारायचे होते, कुठे जंगलातले लाकूड काढायचे होते. १९७२च्या दुष्काळात हजारो हातांना काम हवे होते. तेव्हा खडी फोडून आणि माती टाकून गावोगाव रस्ते केले गेले, आणि त्यांतले काही पुढे डांबर न लागता तसेच राहिले. म्हातारी माणसे अजून त्यांना 'दुष्काळातला रस्ता' म्हणतात. अशा वाटेचा उतार बेताचा, वळणे मोठी आणि मोऱ्या दगडी. कशासाठी काढली ते कळले की वाट कुठे जाऊन संपेल तेही कळते. मनोऱ्यांची वाट शेवटच्या मनोऱ्याशी संपते. धरणाआधीच्या नकाशातली वाट सरळ पाण्यात जाते. तसे काठावर जाऊन बसायलाही वाईट नाही, पण पलीकडच्या गावात जेवण सांगून ठेवू नये, एवढेच.

हक्काचाही एक प्रश्न असतो, आणि शहरातला मनुष्य तो विसरतो. प्रत्येक गावाचा गाव नकाशा असतो. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवतात. त्या नकाशावर असलेली वाट सगळ्यांची. बाकीच्या वाटा म्हणजे कुणाच्या तरी शेतातून, कुणाच्या तरी भिडेखातर चालू असलेल्या वाटा. शेताच्या वाटेवरून किती भाऊबंद तहसीलदारासमोर उभे राहतात हे खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. मामलेदार कोर्टाचा १९०६चा कायदा त्यासाठी अजून उपयोगात येतो. दोन भावांत अशी वाट धुमसत असताना मध्येच आपण आठ माणसे आणि तीन गाड्या घेऊन उगवलो, तर कुणाच्या बाजूचे साक्षीदार ठरू याचा नेम नाही.

म्हणून नकाशानंतर माणूस. कुणाला विचारावे याचा माझा एक क्रम ठरलेला आहे. पहिला, दूध गोळा करणाऱ्या गाडीचा चालक. पहाटे चारला, पावसापाण्यात, कॅन हिंदकळू न देता हा मनुष्य रोज वाडीवाडीवर जातो. कोणता चढ ओल्यात चढत नाही, कोणत्या ओढ्यात दगड सुटे झाले आहेत, हे त्याच्याइतके कुणाला माहीत नसते, आणि त्याच्या गाडीला बहुधा चार चाकांचा जोरही नसतो. त्यानंतर गुरांचा डॉक्टर. मग मुक्कामाच्या एस.टी.चा चालक. गुराख्याला विचारावे, पण त्याला अंतर विचारू नये. 'ह्ये काय, पल्याड' म्हणजे दोन फर्लांगही असेल आणि दोन तासही. त्याला विचारायचे ते असे: 'मामा, परवाच्या पावसानंतर इथून गाडी गेली का?' याचे उत्तर तो अचूक देतो, कारण दिवसभर तो तेच पाहत असतो.

असेच विचारत विचारत गेल्या मार्गशीर्षात मी भोरच्या पश्चिमेला एका धनगरवाड्यावर पोचलो. नकाशात वाट होती, दूधवाल्याने मान हलवली होती. डांबरी सोडल्यावर चार किलोमीटरांची चढण. पहिला अर्धा भाग सुरेख. मुरमाची वाट, वर करवंदीच्या जाळ्या, खाली भाताच्या कापलेल्या खाचरांतला सोनेरी चोथा. नंतर मात्र वाटेचे रूप पालटले. चाकोरीच्या जागी गुडघाभर खोल दोन घळी, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागेल असा, आणि घळींच्या तळाशी उघडे पडलेले धोंडे. मी गाडी खालीच लावली आणि चालत वर गेलो. वाडा म्हणजे सात घरे. एक आजोबा अंगणात घोंगडी वाळत घालत होते. पाणी झाले, चहा झाला, आणि वाटेचा विषय निघाला.

"आवंदा पावसात रईवारचं धा-बारा गाड्या आल्या व्हत्या," ते म्हणाले. "चिखुल उडवीत खालीवर, खालीवर केलं त्येंनी. पोरं बघाया गेली, त्यास्नी मज्या वाटली. सांजच्याला गेली निघून. दुसऱ्या दिशी दुधाची गाडी आली ती चढंना."

"मग, आजोबा?"

"मंग काय? म्हैनाभर क्यान बायांच्या डोक्यावं. चार किलोमीटर खाली. त्यात धाकल्या सुनंचं दीस भरलं. झोळी करून न्येली तिला, धा जणांनी. रातचं. पाऊस असा..." आणि त्यांनी हाताची बोटे जमिनीकडे सोडून दाखवली. सून सुखरूप होती. बाळ आत पाळण्यात होते. आजोबांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मला तेच जड गेले. त्यांनी मला फक्त एवढे विचारले, "तुमची बी गाडी तसलीच का?"

वाट बिघडली कशी, ते खाली उतरताना मी नीट पाहिले. दरवर्षी दसऱ्यानंतर वाड्यावरची माणसे मुरूम आणि धोंडे टाकून वाट बांधतात, आणि चढावर दर वीस-तीस पावलांवर तिरका चर काढून त्याच्या खालच्या अंगाला मातीची वरंब घालतात. पावसाचे पाणी वाटेवर आले की वरंबीला अडून चरातून बाजूला दरीत जाते. भिजलेल्या मातीत गाड्यांची चाके जागच्या जागी फिरली, तेव्हा आधी त्या वरंबी मोडल्या. मग चाकोरी हीच पाण्याची वाट झाली. वरून खालपर्यंत पाणी तिच्यातून धावू लागले आणि मुरूम घेऊन गेले. गाड्या आल्या एका दिवसासाठी. बाकीचे काम पावसाने दोन महिन्यांत पुरे केले. चिखल उडवण्यात मौज आहे हे मला मान्य आहे. पण ज्या वाटेवरून रोज कुणाचे दूध जाते, तिच्यावर ती मौज करणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात धुणे.

तेव्हा वाट चांगली की वाईट हे निम्मे हंगामावर ठरते. आपल्याकडे या छंदाचा काळ दिवाळीनंतर सुरू होतो, आणि तोही सगळीकडे एकदम नाही. मुरूम आणि खडकाळ माळ लवकर वाळतात. काळ्या मातीला घाई चालत नाही. वरून पापुद्रा वाळलेला दिसतो आणि खाली लोणी असते. चाकाला ती अशी लपेटते की टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत भोपळ्यासारखे होते, मग चारही चाकांचा जोर असून उपयोग काय? बूट काढून टाच दाबून पाहावी. टाच रुतली तर गाडीही रुतेल, वजन तिचे आहे. माघ-फाल्गुनानंतर धोका उलट्या दिशेने येतो. गुडघाभर वाळलेल्या गवतातून गाडी गेली की काडीकचरा गाडीच्या पोटाखाली, तापलेल्या सायलेन्सरपाशी अडकतो. डोंगरावरचा वणवा लागायला तेवढे पुरते, आणि गाडीलाही. थांबाल तेव्हा वाकून पाहा आणि हाताने काढून टाका. हात भाजला तर समजा की वेळेवर पाहिले.

कोकणातल्या वाचकांसाठी थोडे वेगळे लिहिले पाहिजे, कारण त्यांच्यापाशी सडा आहे. रत्नागिरी-राजापूरकडचे जांभ्याचे सडे पाहून जीपवाल्याच्या हाताला कंप सुटतो. मैलोन्‌मैल सपाट, ना झाड, ना कुंपण, ना माणूस. इथे वाट कशाला शोधायची, हवी तशी गाडी फिरवावी! पण याच कातळावर आपल्या दूरच्या पूर्वजांनी खोदलेली चित्रे आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांबीचा आहे, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू. नावे आता बहुतेकांनी ऐकली असतील, कारण २०२२ साली कोकणातली कातळशिल्पे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. जी सापडली त्यांच्याभोवती दगडांचे गडगे घातले जात आहेत. जी सापडलेली नाहीत त्यांचे काय? रेषा बोट-दोन बोटे खोल, मातीगवताने भरलेल्या; भर दुपारी दोन हातांवरूनही दिसत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात. जांभा मऊ दगड आहे. त्याच्यावरून एकदा रांगोळी घालत गाडी फिरली, तर काय पुसले गेले ते पुसणाऱ्याला कधीही कळणार नाही.

आणि चित्रे नसली तरी सडा ओसाड नसतो. कासचे पठार पश्चिम घाटाच्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा ठरल्या त्यांत आहे, म्हणून तिथे पहारा आहे. पण कासावर जी फुले येतात त्यांचे भाऊबंद इतर अनेक सड्यांवर येतात. इंच-दोन इंच मातीत चार महिन्यांचा संसार! सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू. उन्हाळ्यात त्या मातीत फक्त बी झोपलेले असते, आणि पाहणाऱ्याला वाटते की इथे काहीच नाही. म्हणून सड्यावर माझा नियम कडक आहे. असलेली चाकोरी असेल तर तिच्यातून. नसेल तर गाडी कडेला आणि आपण पायी.

जंगलाबद्दल थोडक्यात. अभयारण्यात परवानगीवाचून शिरणे हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कोयना, चांदोली, भीमाशंकर येथे 'आम्ही फक्त वाट शोधत होतो' हे उत्तर चालत नाही आणि चालू नये. राखीव वनातही वनरक्षकाला आधी भेटावे. मला आलेला अनुभव असा, की विचारायला जाणारा इतका दुर्मिळ झाला आहे की तो भेटल्यावर वनरक्षक स्वतःच दोन चांगल्या वाटा सांगतो.

आता त्या दांड्याविषयी, कारण पत्रांत त्याचीच चौकशी जास्त असते. चारही चाकांचा जोर हा गाडी वेगाने पळवण्यासाठी नसतो, हे मनात पक्के करावे. महिंद्रांच्या जुन्या जीपपासून पुढे जिप्सी आणि आजच्या थारपर्यंत या जातीच्या गाड्यांत दांड्याच्या दोन जागा मोलाच्या. एका जागेत पुढच्या चाकांना नुसता जोर मिळतो. दुसऱ्या जागेत सगळे गिअर आणखी हलके होतात, इंजिन फिरते पुष्कळ आणि चाक फिरते बैलाच्या चालीने. चढावर हेच हवे. उतारावर तर त्याहून जास्त. पहिला गिअर, क्लच आणि ब्रेक दोन्हींवरून पाय दूर, आणि गाडी इंजिनच्या धाकात स्वतः उतरते. ब्रेक दाबून धरला की चाके जखडतात आणि सुट्या मुरमावरून गाडी घसरगुंडीसारखी जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र पुढच्या चाकांचा जोर काढून टाकावा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर ती थोडी घसरून हिशेब मिटवतात, डांबरावर घसरता येत नाही आणि सगळा ताण आतल्या दांड्यांवर येतो. नव्या गाडीवाल्यांपैकी निम्मे लोक हे पुस्तकात असूनही वाचत नाहीत.

सोबत फावडे, पहार, दोरखंड, आणि शक्यतो दुसरी गाडी. ओढा आला की काठी घेऊन आधी चालत पलीकडे जाऊन यावे. जिथे चालत जायला आपल्याला भीती वाटते तिथे गाडी घालण्याचा धीर मनुष्याला कोठून येतो, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. आणि वळवायला जागा कुठे आहे हे चढताना पाहून ठेवावे. दोन किलोमीटर उलटे येण्याइतकी मान लांबवणारी दुसरी कसरत नाही.

त्या धनगरवाड्याची वाट यंदाच्या पावसात पुन्हा थोडी वाहिली आहे, असे दूधवाल्याकडून कळले. भाऊबीजेनंतरच्या रविवारी वाड्यावरची माणसे वरंबी घालायला बसणार आहेत. आजोबांनी निरोप पाठवला आहे की पहारी त्यांच्याकडे आहेत, घमेली कमी पडतात. आम्ही चौघे जाणार आहोत. पुण्याकडच्या ज्या वाचकांना यायचे असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर चार ओळी टाकाव्यात, ठिकाण त्यांना उलट टपाली कळवीन. भाकरी वाड्यावर मिळेल, कोरड्यास आपण न्यायचे आहे. गाड्या खाली डांबरीवर वडाखाली लावायच्या आणि वर चालत जायचे. घमेले मात्र प्रत्येकाने आपापले आणावे.